बरणीला बांधलेला पट्टा

खालची वाडी, ता. तळा
१४ सप्टेंबर २०२५, पितर पंधरवडा

नूतन,

दादू पोस्टमन आपल्या मनानं वर "चि. सौ." आणि खाली "अनेक आशीर्वाद" लिहायला निघाला होता. मी म्हटलं, थांब. ज्या सुनेनं फोन उचलायचा सोडलाय, तिला आधीच आशीर्वाद पाठवले तर ती म्हणेल, म्हातारीला काहीतरी हवंय. हवं काही नाही. क्रांतीचे बूट इथं राहिलेत, ते पाठवते आहे. सोबत चार ओळी.

चार ओळीसुद्धा माझ्या हातच्या नाहीत, हे तुला ठाऊकच आहे. बोलते मी, लिहितो दादू. तो माझं "न्हाय" पुसून "नाही" करतो. करू दे, सरकारी माणूस आहे. त्याचं एक बरं, की त्याच्या पोटात गेलेलं ओठावर येत नाही. शेजारच्या नीराबाईकडूनही लिहून घेता आलं असतं. अंगणवाडीत बाई आहे, अक्षर बघत राहावं असं. पण तिला सकाळी सांगितलेली गोष्ट दुपारी तळ्याच्या बाजारात ताज्या मासळीसारखी विकायला बसलेली असते.

तुझं काय बिनसलं ते मला नीटसं कळलेलं नाही. मुंबईच्या इस्पितळातली औषधं संपली, डॉक्टरांनी सांगितलं की आजार गेला. तुझी कळंबोलीची कंपनी आणखी सुट्टी देईना, माझा अनंता तिकडे मस्कतला. म्हणून जूनमध्ये तू लेक माझ्या हवाली केलीस. मी सांभाळली. पोरीचं अंग कच्चं, डोक्यावर केस नुकते कुठं कोंबडीच्या पिलासारखे फुटलेले. कच्च्या अंगाचं कसं करायचं, हे मला कुणी शिकवायला नको. या वाडीतली निम्मी माणसं माझ्या हातावर जन्मली आहेत.

तू व्यायाम सांगून गेली होतीस. खुर्चीतून उठायचं, बसायचं, टाचा उचलायच्या, पायात रबरी पट्टा अडकवून ओढायचा, बूट घालून मारुतीच्या देवळापर्यंत चालायचं. फोनवर मी तुला रोज सांगतच होते की सगळं चाललंय. गौरी आल्या त्या संध्याकाळी ती फुगडीत पडली, ते देवाच्या मनात होतं. त्यात माझं काय?

दुसऱ्या दिवशी पहिल्या एस्टीनं तू आलीस. पडवीतले तिचे बूट उचललेस, उलटे केलेस, तळ बघत राहिलीस. एक शब्द बोलली नाहीस. चौदा वर्षांची लेक पाठुंगळीला घेतलीस आणि रिक्षापर्यंत चालत गेलीस. माझ्या लाडवांनी ती किती जड झाली होती, ते तुझ्या पाठीला कळलं असेल. बोलायचं होतंस गो. भांडायला मी पदर खोचून तयार होते. न बोलणाऱ्या माणसाशी कसं भांडायचं, ते या वयात कुठं शिकू?

आज बूट बांधताना दादू म्हणाला, "सोनाबाई, बूट अगदी नवेच दिसतायत. पावसाळा सरत आला तरी चिखल नाही." मी म्हटलं, जपून वापरते माझी पोर.

तुझा तो पिवळा पट्टा मात्र सापडत नाही. सापडला की पाठवीन.

सोनाबाई (अंगठा)


खालची वाडी
९ ऑक्टोबर २०२५, कोजागिरी होऊन गेली

नूतन,

तुझं कार्ड आलं. दादूनं वाचलं. मी म्हटलं, पुन्हा वाच. मग त्यानं कार्ड उलटंसुलटं करून दाखवलं आणि म्हणाला, एवढंच आहे. "बूट मिळाले. पट्टा पाठवा." आमच्या म्हशीला सुई टोचली तेव्हा जनावरांच्या डॉक्टरनं दिलेला कागदही याहून लांब होता.

दादू म्हणतो, असले पट्टे पनवेलच्या दुकानात हवे तेवढे मिळतात. मग माझ्याकडूनच का मागतेस? मी विचारत नाही. मागितलास, तेवढ्यावर माझी कोजागिरी गोड झाली.

पट्टा हरवलेला नव्हता. लोणच्याच्या बरणीला होता. जूनमध्येच बांधला होता मी, फडक्यावरून. घट्ट बसतो, मुंगी शिरत नाही. तू त्या दिवशी बूट ठेवून पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलीस आणि पाणी न पिताच बाहेर आलीस. मला वाटलं, बरणी तुझ्या नजरेला पडली नसेल. स्वतःला समजवायला माणसाला काय, काहीही पुरतं.

तर आता पट्टा सांगितला, तसं बाकीचंही सांगते. दादू मान खाली घालून लिहितो आहे, ते बरं आहे.

मारुतीच्या देवळापर्यंत ती एकदाही गेली नाही. तू गेल्यावर मी तिला मधल्या खोलीत बाजेवर घातली. खिडकीला गोणपाट लावलं, वारा येऊ नये म्हणून. कान बांधले. कढत पाण्यानं न्हाऊ घातलं, शेगडी ठेवली, ओव्याची धुरी दिली, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू. बाळंतिणीचं करतात ते सगळं. सव्वा महिना झाला, तर म्हटलं, बाळंतिणीला सव्वा महिना, ही तर मरणाच्या दारातून आलेली, हिला आणखी थोडं.

ती तुझीच लेक, तोंडाची तिखट. एक दिवस धुरीतून म्हणाली, "आजे, सगळं झालं, पण माझं बाळ कुठाय?"

मी म्हटलं, "तूच माझं बाळ."

आम्ही दोघी हसलो होतो. तेव्हा हसण्यासारखंच वाटलं होतं.

तुझा फोन आला की मी तिला डोळ्यांनी खुणावायची. मग तीही म्हणायची, "हो आई, देवळापर्यंत जाऊन आले. वाटेत चंद्राबाईंची बकरी मागं लागली." बकरी तिनं आपल्या मनची घातली. मला कौतुक वाटलं, कशी छान रचते म्हणून. दुखण्यातून उठलेल्या पोरीला मी पहिलं काय शिकवलं तर हे.

पण नूतन, मी अडाणी बाई. तो चित्रांचा कागद मला काय कळणार? कुणी पायात रबर अडकवून बरं होतं, हे माझ्या आज्यापणज्यांनीही ऐकलं नव्हतं. एवढं तू ध्यानात घे.

कार्ड आलं त्या दिवशी पट्टा बरणीवरून सोडवला. हिंगमेथीचा वास बसलाय त्याला. म्हटलं, बघू तरी. पडवीच्या खांबाला एक टोक बांधलं, एक पावलात अडकवलं आणि त्या व्यायामाच्या डॉक्टरणीनं मुंबईला माझा पाय धरून दाखवलं होतं, तसं मागं ओढलं. निसटून असा फटकन नडगीवर बसला, की तुझ्या सासऱ्यांची आठवण झाली. नीराबाई कुडापलीकडून बघत होती. म्हणाली, "सोनाबाई, आता या वयात नाच शिकताय?"

म्हटलं, "माझी गौर अजून विसर्जन व्हायची हाय."

हसली. मीही हसले. घरात येऊन नडगीला तेल लावलं तेव्हा हसू आलं नाही.

पट्टा पाठवते. वास गेला पाहिजे, धुवून वाळत घातलाय.

सोनाबाई (अंगठा)


खालची वाडी
२४ ऑक्टोबर २०२५, भाऊबीजेचा दुसरा दिवस

नूतन,

काल क्रांतीचा फोन आला, नीराबाईच्या मोबाइलवर. तुझ्या नकळत केला की तुझ्या देखत, ते मी विचारलं नाही. तुझ्या देखत असेल तर विचारून तुला अवघडवायचं नव्हतं आणि नकळत असेल तर मला कळायचं नव्हतं.

म्हणाली, "आजे, इथं मला रोज रडवतात."

म्हटलं, "कोण गो बाय?"

"आई. आणि ती व्यायामाची मॅडम. रोज जिना. आपली खोली दुसऱ्या मजल्यावर हाय, लिफ्ट न्हाय. आई माझ्या मागं उभी राहते, पण हात लावत न्हाय. पडेन असं वाटतं, मी रडते, ती नुसती म्हणते, पुढची. मी शिव्या पण दिल्या तिला. ती म्हणते, शिव्या दे, पण पुढची."

मी मोबाइल कानाला आणखी दाबून धरला.

"पण आजे, काल मी कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत गेले. एकटी. पणत्या आणल्या."

मी म्हटलं, माझी वाघीण. आणखी काय काय म्हटलं. मग तिनं विचारलं, "आजे, तू मला का न्हाय रडवलंस?"

रागानं नाही विचारलं. रागानं विचारलं असतं तर मी उत्तर दिलं असतं. तिनं आपलं सहज विचारलं, मीठ का न्हाय घातलंस, असं विचारावं तसं.

मी म्हटलं, "बाय, फोनात ऐकायला येत न्हाय," आणि मोबाइल नीराबाईच्या हातात दिला. नीराबाईनं आधी मोबाइलकडं बघितलं, मग माझ्याकडं. आवाज तिच्या ओटीवरही ऐकू येत होता.

दादू विचारतो आहे, पुढं काय लिहू. पुढचं याला सांगता येत नाही. पुरुषमाणूस आहे. नाही, तसं नाही. हा पोटात ठेवील, म्हणून सांगता येत नाही. मला आज कळलं की मी एवढे दिवस याच्याकडून पत्रं लिहवून घेतली ती एवढ्याचसाठी.

बंद कर म्हटलं.

पट्टा अजून वाळतो आहे.

सोनाबाई (अंगठा)


खालची वाडी
८ नोव्हेंबर २०२५, तुळशीची लग्नं झाली

नूतन,

अक्षर वेगळं दिसेल. नीराबाईचं आहे. तिला मी स्वतः जाऊन बोलावून आणली, पाट दिला, चहा दिला, आणि म्हटलं, मी सांगीन ते लिही आणि लिहून झालं की जिथं सांगायचं तिथं सांग. ती म्हणाली, "अगोबाई, मी कधी कुणाचं सांगते?" हेही लिही म्हटलं. तिनं लिहिलं, बघ.

पहिली गोष्ट फुगडीची.

गौरी आल्या त्या संध्याकाळी चंद्राबाईच्या अंगणात पोरी फेर धरत होत्या. आवाज बाजेपर्यंत येत होता. क्रांती दुपारपासून मागं लागली होती, आजे, नुसती बघायला. मी म्हटलं, उद्या. मी जून महिन्यापासून तिला रोज "उद्या" म्हणत होते. आणि मी एकटीच गौरीला ओवाळायला गेले. ती भिंत धरत धरत, अनवाणी, मागून आली. कानाचं फडकं तिनं वाटेत टाकून दिलं होतं. कुणाच्या तरी पोरीचे हात धरले, एक गिरकी घेतली, आणि गुडघा आत दुमडला. ओल्या कापडाची घडी पडावी तशी पडली. तोंडाला शेण-माती. उठायला बघितलं, उठवेना. पुन्हा बघितलं. पोरी घाबरून गप्प झाल्या, तर ही हसायला लागली. कुणी घाबरू नये म्हणून, नूतन. पडलेली ती, आणि धीर देत होती ती.

आणि मी काय केलं? धावत गेले, तिला काखेत धरून उभी केली, आणि सगळ्या बायांसमोर मोठ्यानं म्हणाले, "आईनं तिकडं व्यायाम करवून करवून पोरीचे गुडघे खिळखिळे केले. कसाईण हाय ती, आई न्हाय." ज्या व्यायामाचा पट्टा माझ्या बरणीला होता, त्या व्यायामानं. क्रांती माझ्या खांद्यावर रेललेली होती. तिनं ऐकलं. तिला खरं माहीत होतं, आणि ती काही बोलली नाही. मला वाचवायला गप्प बसली.

इथं नीराबाईचा हात थांबलाय. म्हणते, "सोनाबाई, मी तर हे अख्ख्या तालुक्याला सांगितलं हो. नूतन कशी आहे ते."

म्हटलं, म्हणूनच तुला पाट दिला. तेवढ्याच आवाजात आता हेही सांग.

दुसरी गोष्ट. मी तुला लिहवलं होतं की मी अडाणी, मला चित्रं काय कळणार. खोटं. मुंबईला त्या डॉक्टरणीनं मला खुर्चीवर बसवलं, माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "आजी, औषधांनी आजार मारला, पण पोरीची ताकदही खाल्ली. पायांच्या शिरा दमल्यात. ती ताकद झोपून परत येत नाही. थोडं थोडं, रोज करायचं. रडली तरी." मी पुन्हा विचारलं, तिनं पुन्हा सांगितलं. कळायला अक्षर लागतच नव्हतं.

आणि "रडली तरी" हे तर मला कुणी सांगायची गरजच नव्हती. अडलेली बाई हंबरडा फोडते, म्हणते, सोनाबाई, मला सोडा, मला न्हाय व्हायचं. तेव्हा मी कधी म्हणाले का, पुरे बाय, झोप आता? म्हटलं असतं तर निम्मी वाडी जन्मलीच नसती. मी त्यांच्या मांडीवर चापट मारून म्हणायची, जोर कर. तूही माझ्या हातावरच क्रांतीला जन्म दिलास. रस्ता वाहून गेला होता, गाडी येत नव्हती. तू मला किती शिव्या घातल्यास, आठवतं? मी म्हटलं, शिव्या दे, पण जोर कर. तू जिन्यात तिच्या मागं उभी राहून तेच म्हणतेस. फोनवर ऐकलं तेव्हा माझेच शब्द ओळखीचे वाटले आणि तोंड लपवावंसं झालं.

मग तिला मी का नाही रडवलं? क्रांतीनं विचारलंय, तर तिलाही हे वाचून दाखव. नको वाटलं तर तू एकटीच वाच.

आता मला कुणी बोलावत नाही. पोटात कळ आली की फोन करतात, गाडी येते, बाई माणगावच्या इस्पितळात जाते, बाळ घेऊन परत येते. चांगलंच आहे. पण माझी बाज माळ्यावर गेली होती. क्रांती आली आणि मी ती खाली काढली. पुन्हा घरात धुरी झाली. बायका बघायला यायच्या, दारातून म्हणायच्या, सोनाबाईनं पोर मरणाच्या तोंडातून काढली. औषधं डॉक्टरांची, जागरणं तुझी, आणि मी मान डोलवायची. ती देवळापर्यंत चालली असती, तर पुढं शाळेपर्यंत चालली असती, आणि मग एस्टीपर्यंत, तुझ्याकडं. बाजेवर होती तोवर माझी होती. मी सगळ्यांना सांगायची, पोरीला आराम देते. आराम माझ्या जिवाला होता. तो मी तिच्या पायांतून काढून घेतला.

हे झालं. याच्यापुढं मला लपवायला काही उरलेलं नाही, लोणचंसुद्धा संपत आलंय.

पट्टा वाळत नव्हता, हे तुला कळलंच असेल. रबराला वाळायला महिना लागत नाही. मी रोज पडवीत खांबाला बांधून ओढते. तुला दाखवायला नाही. तू पोरीकडून काय मागत होतीस, ते मला माझ्या मांडीत कळायला हवं होतं. कळलं. परवा डोळ्यांतून पाणी आलं, तर नीराबाई कुडावरून म्हणाली, "पुरे करा हो, सोनाबाई." किती गोड लागतो गो तो शब्द. मी तो पोरीला लाडवासारखा रोज भरवला.

आता मागणं. पोरीला इकडं पाठव, असं म्हणत नाही. ते मागायचं तोंड मला नाही. मीच येते, पुढच्या रविवारी, तळ्याहून सकाळच्या एस्टीनं. खोलीत येणार नाही. तुमच्या जिन्याच्या खालच्या पायरीवर बसेन. तू आणि ती जिना कराल तेव्हा बघेन. ती रडेल, अडेल, तुझ्याकडं नाही तर माझ्याकडं वळून बघेल, कारण सुटका कुणाकडून मिळते ते तिला माहीत आहे. मी तोंडात सुपारी धरून बसेन. माझ्या तोंडून एकदा जरी "पुरे बाय" निघालं, तर मला उलट एस्टीत बसवून दे आणि पुन्हा कार्डही टाकू नकोस.

आणि नाही निघालं, तर ती वर पोचल्यावर मला एक हाक मार. तुमचा जिना मीही चढून बघेन. माझ्या मागं उभी राहा. हात लावू नकोस.

लाडू आणत नाही.

सोनाबाई (अंगठा)

ता. क. नीराबाईनं आज सकाळी नळावर हे पत्र वाचून दाखवलं. मीच सांगितलं होतं, टाकण्याआधी वाच. मी तिथंच उभी होते. तिचा आवाज "कसाईण" या शब्दाला जरा खाली गेला, तर मी म्हटलं, मोठ्यानं. वाचून झाल्यावर चंद्राबाईनं माझा हंडा उचलून द्यायला हात पुढं केला. म्हटलं, राहू दे, माझा मी उचलते.

पट्टा पिशवीत घातलाय. बरणीला सुतळी बांधली.